झेंडूच्या हाराखालचं मीटर

दसऱ्याला मोठ्या मावशीला सोनं द्यायला लालबागला जायचंच, हा आमच्या आईचा हट्ट. आई ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले, वर हृदयाचं दुखणं. मावशी तिच्याहून मोठी. आई चाळीचे तीन मजले चढू शकत नाही आणि मावशी उतरू शकत नाही. मग दोघी बहिणींची भेट कशी व्हायची, तर मी शिवाजी पार्कहून गाडी काढायची, चाळीसमोर लावायची, आई मागच्या सीटवर बसून राहणार, मी वर जाऊन आपट्याची पानं मावशीच्या हातात देणार, आणि मावशी गॅलरीत येऊन खाली हात करणार. आई काच खाली करून वर हात करणार. एवढीच भेट, पण ती झाली नाही तर आईचा दसरा होत नाही.

गेल्या दसऱ्याला चाळीसमोर जागाच नव्हती. देवीच्या मंडपाचे बांबू, लायटिंगवाल्यांचे टेम्पो, त्यात फुलवाल्यांनी अर्धा रस्ता खाल्लेला. मी चकरा मारून मारून वैतागले, एका टेम्पोवाल्याशी कडाकडा भांडले आणि शेवटी वळून मोठ्या रस्त्यावर गेले. तिथे आता नवीन मीटरवाली पार्किंग केली आहे. एक गाडी निघत होती, तिची जागा पकडली. पण तिथून मावशीची गॅलरी दिसत नाही. आईचं तोंड लगेच उतरलं.

"आता काय ता माका दिसाचा नाय," ती म्हणाली. उभा जन्म मुंबईत काढला तरी घरच्यांशी ती मालवणीतच बोलते.

"अगं, फोन दे तुझा. वरून व्हिडिओ कॉल लावते, बोला दोघी."

"फोन घराक. चार्जिंगाक लावलंय."

तिचा फोन बारा महिने चार्जिंगलाच असतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सणासुदीला कुठे तोंड उघडायचं म्हणून गाडीतून उतरले.

ह्या मीटरचं जरा सांगायला हवं. छातीइतक्या उंचीचा खांब, त्यावर एक डबा, डब्याला बटणं आणि छोटा स्क्रीन, आणि डोक्यावर ताटाएवढी काळी काच. ती काच म्हणजे सोलर पॅनल. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले तरी असलं काही दिसलं की पाय पुढे निघत नाही. मीटर नवीन बसवली तेव्हा तिथल्या माणसांना प्रश्न विचारून विचारून मी भंडावून सोडलं होतं. दिवसभर काच ऊन घेते, आतली बॅटरी भरते, त्यावर रात्र निघते. रस्ता खणून वायर ओढायला नको. आत मोबाइलसारखं सिमकार्ड असतं. आपण गाडीचा नंबर दाबायचा, पार्किंगचं कार्ड टेकवायचं, की मीटर ती खबर कंपनीच्या कॉम्प्युटरला धाडतं आणि तिथून ती रस्त्यावर फिरणाऱ्या तपासनीस मुलीच्या हातातल्या यंत्रावर येते. यंत्रावर प्रत्येक जागेचा एक चौकोन असतो. गाडी येऊन उभी राहिली हे जमिनीत बसवलेली चकती सांगते, पैसे भरले हे मीटर सांगतं. दोन्ही खबरा आल्या की चौकोन हिरवा. नुसती गाडी आली आणि पैशांची खबर आली नाही, तर लाल. लाल बराच वेळ तसाच राहिला की गाडी उचलणाऱ्या व्हॅनला आपोआप निरोप जातो. चिठ्ठी नाही, काचेवर काही चिकटवायचं नाही, कोणाशी हुज्जत नाही. मला हे सगळं भारी आवडलं होतं. म्हटलं, चला, एक तरी गोष्ट ह्या शहरात माणसाच्या मर्जीवर चालत नाही.

त्या दिवशी मीटरची पूजा झालेली होती. खंडेनवमीला शिंपी मशीनची पूजा करतो, ड्रायव्हर गाडीची करतो, सुतार करवतीची. पार्किंगवाल्यांनी आपल्या मीटरांची केली. हळदकुंकू, आंब्याचे टाळे, आणि डोक्यावरून एकावर एक घातलेले झेंडूचे जाडजूड हार. रांगेतलं एकेक मीटर नवरदेवासारखं नटून उभं. आईची कळी एकदम खुलली.

"तेकाय सोना दी गो," ती काचेतून म्हणाली.

मी हसत हसत एक आपट्याचं पान हारात खोचलं. स्क्रीन जरा मंदच दिसत होता. हाताची सावली धरून नंबर दाबला, कार्ड टेकवलं, टुंग वाजलं, 'धन्यवाद' आलं. एक तासाचं पार्किंग झालं.

मागच्या काचांना उन्हासाठी काळ्या जाळ्या लावलेल्या आहेत. ऑक्टोबरचा उकाडा, म्हणून काचा चार बोटं खाली ठेवल्या. आईनं चपला काढल्या, पाय वर घेतले, छोट्या उशीवर डोकं टेकलं आणि पदर तोंडावर ओढला.

"तू जावन ये. मी हय पडतंय जरा."

मी गाडी लॉक केली आणि गेले. तिची जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या पर्समध्ये होती. ती नेहमी माझ्याकडेच असते, कारण आईकडे दिली की ती कुठल्या तरी डब्यात जपून ठेवते आणि डबा विसरते.

वर मावशीनं मला पाटावरून उठू दिलं नाही. सून पुऱ्या तळत होती. "खाल्ल्याशिवाय गेलंस तर बघ," म्हणून मावशी दटावत राहिली. बहीण खाली आली आहे पण दिसणार नाही, हे कळल्यावर तिनं डोळे पुसले, मग आईसाठी स्वतः डब्यात श्रीखंड भरलं. मी घड्याळ बघत होते. तासाला अजून अवकाश होता. डबा घेऊन मी खाली आले, कोपरा वळले, आणि आमच्या जागेवर गाडी नव्हती.

आधी वाटलं, आपण चुकून भलत्याच बाजूला आलो. मग वाटलं, पुढच्या मीटरला लावली असेल. मी पुढच्या मीटरकडे गेले, त्याच्या पुढच्या मीटरकडे गेले, परत आले. मग आमच्या मीटरवरच्या हारात मला माझं आपट्याचं पान दिसलं. जागा तीच होती. मी खांबाला धरून उभी राहिले.

गाडी चोरीला गेली, हा पहिला विचार. कोणीतरी गाडी पळवली आणि आत मागे म्हातारी झोपली आहे. ती जागी होईल, ओरडेल, आणि तो माणूस काय करेल? मला हाक मारायची होती आणि कोणाला मारायची ते कळत नव्हतं.

पोपटी जॅकेट घातलेली तपासनीस मुलगी रस्त्याच्या पलीकडून येत होती. मी तशीच गाड्यांमधून धावले.

"अगं, इथली गाडी कुठाय? पांढरी, मागे जाळ्या लावलेली?"

"ती? ती उचलली काकू. पेमेंट नव्हतं ना. आता जाऊन वीसेक मिनिटं झाली."

"कोणी उचलली? पेमेंट केलंय मी! आणि आत माझी आई आहे!"

वीस-बावीसची पोर. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मला स्पष्ट दिसलं.

"आत कोण नव्हतं काकू. पोरांनी बघितलं असेल ना उचलायच्या आधी."

"असेल? असेल म्हणजे काय गं? तू बघितलंस?"

"मी त्या टोकाला होते. भोंग्यावरून नंबर पुकारला त्यांनी. कोण बोललंच नाही."

कोण बोललंच नाही. आईचे कान चांगले आहेत. शेजारच्यांचा कुकर किती शिट्ट्या झाला हे ती सांगते. डोक्याशी भोंगा वाजला, गाडी पुढून वर उचलली गेली, आणि ती बोलली नाही? ह्याचा मला एकच अर्थ लागत होता. तो मी तोंडातून बाहेर काढला नाही, आजही लिहवत नाही.

मुलगी व्हॅनच्या ड्रायव्हरला फोन लावत होती. बिझी. परत लावला, परत बिझी. शिवडीच्या यार्डात लावला, तिथे नुसती रिंग जात होती. "आज पूजा आहे तिकडे पण," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. एव्हाना गर्दी जमली होती. आपल्याकडे गर्दी जमायला काय लागतं! कोणी म्हणालं पोलिसात जा, कोणी म्हणालं व्हिडिओ काढा, व्हायरल करा. फुलवाली बाई मला पाणी पाजत होती. एका दांडग्या माणसानं त्या पोरीच्या हातातलं यंत्र हिसकावलं आणि तिला शिव्या घालायला लागला.

"ए, ते आधी दे तिला परत!" मी त्याच्यावर अशी खेकसले की तो मागे सरला. "माझी आई कुठेय ते त्याच्यातच दिसणार आहे. शूरपणा मग दाखव."

यंत्रावर आमच्या जागेचा चौकोन लाल होता. खाली गाडीचा नंबर, 'उचलली', आणि शिवडी यार्ड. बाजूच्या जागांचे चौकोन बघितले, तर आमच्या रांगेतले झाडून सगळे लाल.

"हे सगळे फुकटे आहेत का गं? एकानंही पैसे भरले नाहीत?"

"सकाळपासून असंच येतंय. व्हॅन एकच, म्हणून बाकीच्या अजून उभ्या. मला वाटलं, सणाचं कोण भरत नाही."

मी परत मीटरकडे गेले. स्क्रीन आता पार काळा पडला होता. हार दोन्ही हातांनी उचलला. खालची काच पाकळ्यांनी झाकलेली, त्यावर हळदकुंकवाचा ओला लगदा बसलेला. नवरात्रभर आभाळ भरलेलं, बॅटरी आधीच अर्धीमुर्धी, आणि वर खंडेनवमीपासून हे फुलांचं पांघरूण. असल्या यंत्राची ताकद संपत आली की ते सगळ्यात खर्चाचं काम आधी बंद करतं. खबर धाडणं हेच त्याचं सगळ्यात खर्चाचं काम. कार्ड घेतं, धन्यवाद म्हणतं, आणि पैसे भरल्याची नोंद आपल्याच पोटात ठेवून उन्हाची वाट बघत बसतं. चकतीची बॅटरी वेगळी, म्हणून गाडी आल्याचं तेवढं वर कळलेलं. मला हे सगळं उभ्या उभ्या समजलं आणि समजून काडीचा उपयोग नव्हता.

"सगळ्या मीटरांवरची फुलं काढा," मी मोठ्यानं म्हटलं. "काचा पुसा. नाहीतर अजून गाड्या जातील."

कोणी पुढे येईना. पूजेची फुलं, दसऱ्याचा दिवस, काढायची कोणी? शेवटी फुलवालीच उठली. "देवी काय रागावत नाही," म्हणाली आणि पदरानं काच पुसायला लागली.

मी टॅक्सीला हात केला. तपासनीस मुलगी न विचारता माझ्याबरोबर आत बसली.

"तुझी ड्युटी?"

"असू दे. यार्डात तुम्हाला आत सोडणार नाहीत काकू. माझ्याबरोबर सोडतील."

"शिवडी चलो भैया, जल्दी. माँ है गाडी में," मी म्हटलं. टॅक्सीवाल्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं दाबून टॅक्सी काढली.

लालबाग ते शिवडी असं कितीसं अंतर! एरवी बोलता बोलता येतं. त्या दिवशी प्रत्येक नाक्यावर ट्रॅक्टरला हार, ट्रकला हार, बसच्या तोंडाला केळीचे खांब, माणसं रस्त्यात उभी राहून एकमेकांना सोनं देतायत, मिठ्या मारतायत. मला त्या सगळ्यांचा राग येत होता. मी पर्समधली गोळ्यांची बाटली मुठीत धरून बसले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं डोक्यात घुमत होतं. छातीत दुखलं की लगेच गोळी, उशीर करायचा नाही, धक्का बसेल असं काही होऊ द्यायचं नाही. आणि बंद गाडी, बंद म्हणजे चार बोटं उघडी, बाहेर हे असं ऊन, पुढची चाकं हवेत, मागे घरंगळलेली म्हातारी. मी कुलदेवतेला नवस बोलले, मग आणखी एका देवाला बोलले, कोणाकोणाला काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. तोंडानं मात्र त्या पोरीवर आग पाखडत होते.

"एकदा आत डोकावायला काय होतं गं तुमच्या लोकांना? मेल्यांना डोळे नाहीत?"

"जाळी होती काकू."

"जाळी आहे म्हणून बघायचं नाही? हात लावून बघा, काचेवर मारा!"

"चुकलं काकू," ती म्हणाली. तिनं गाडी उचलली नव्हती, तिनं व्हॅन बोलावलीही नव्हती, बोलावणारं यंत्र होतं. तरी ती चुकलं चुकलं म्हणत राहिली आणि एका हातानं यार्डाला फोन लावत राहिली. मला तिची दया येत होती आणि ओरडणंही थांबवता येत नव्हतं. ओरडणं थांबलं असतं तर मी तिथेच फुटले असते.

शिवडी नाक्याच्या अलीकडे तिच्या मांडीवरचं यंत्र टिंग करून वाजलं. मग वाजतच सुटलं. टिंग, टिंग, टिंग. आम्ही दोघींनी बघितलं. रांगेतले लाल चौकोन एकामागून एक हिरवे होत होते. फुलवालीनं पुसलेल्या काचांवर ऊन पडलं होतं आणि मीटरांनी पोटात साठवलेल्या नोंदी भराभर वर धाडायला सुरुवात केली होती. आमचाही चौकोन हिरवा झाला. आमच्या गाडीचा नंबर, पैसे भरले, वेळ अजून शिल्लक.

मुलगी रडायला लागली. मी रडले नाही. मला एवढी थंडी वाजत होती की दात दातावर आपटत होते.

गोदामांच्या लांबच लांब भिंतीच्या कडेनं आम्ही आत शिरलो. यार्ड म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेलं मैदान, दारात रखवालदाराची खोली, बाकी उचलून आणलेल्या गाड्या. दारातल्या माणसानं हात आडवा घातला, पण पोरीचं जॅकेट बघून तो थबकला तेवढ्यात मी त्याच्या हाताखालून आत गेले. माझ्या वयाला आणि अंगाला न शोभेल असं धावले. आमची गाडी तिसऱ्या का चौथ्या रांगेत होती. जाळी दिसली. मी मागचं दार धरून ओढलं आणि ते उघडलं.

सीट रिकामी होती.

उशी होती. चपला नव्हत्या. मी वाकून सीटखाली बघितलं, पुढे बघितलं, डिकी उघडून बघितली. हो, डिकी. माणूस काय काय करतं! मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी स्वतः पहिल्यांदा ऐकला. ह्यांनी तिला काढून नेलं. हॉस्पिटलात नेलं. नाहीतर, कुठे टाकलं?

"ओ मॅडम! मॅडम, इकडे! आजी इकडेयत!"

रखवालदाराच्या खोलीच्या दारात एक उघडाबंब माणूस, गळ्यात पूजेचा हार तसाच, मला हात करून बोलावत होता. त्याच्या मागे, पंख्याखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आई बसली होती.

माझा जीव भांड्यात पडला. मी दारातच बसकण मारली. मग उठले, तिचे गाल चाचपले, मनगट धरलं, नाडी बघितली, छातीवर हात ठेवला. "दुखतंय का? घाम आला होता का? चक्कर?" ती मानेनं नाही नाही म्हणत होती. नाडी ठीक होती. ओठ कोरडे नव्हते, पुढ्यात चहाचा रिकामा कप होता. केस तिनं नीट बसवले होते. अंबाडा पुन्हा बांधला होता. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तशी.

तो माणूस घाबरून बोलतच सुटला होता. "देवाशप्पथ मॅडम, आम्हाला माहीतच नाही. गाडी लावली, पूजा करायला गेलो, परत येऊन बघतो तर आत आजी बसलेल्या! माझं तर हार्ट बंद व्हायचं बाकी होतं. त्यांनीच आतून दार उघडलं. आम्ही विचारलं, आजी, घरचा नंबर सांगा, कोणाला फोन लावू? तर काही सांगेनात."

"नंबर पाठ आहे तिचा," मी म्हटलं. "माझा नंबर झोपेतसुद्धा सांगते ती."

"नाय सांगितला हो. मला म्हणाल्या, माझी खोली कुठली ती दाखवा."

मला काही कळेना. मी आईकडे बघितलं. भीती उतरली की माझा राग वर येतो, तसा तो आला.

"आई, अगं भोंगा वाजला, गाडी उचलली, एवढी धडधड झाली, ओरडली का नाहीस? काच वाजवायची, हात बाहेर काढायचा! मी इकडे मेले होते, कळतंय का तुला? मला वाटलं..."

"वरडान काय करतलंय?" ती म्हणाली. शांतपणे म्हणाली. "माका वाटला, तूच धाडलंस."

"मी? कुठे धाडलं?"

"तुझो भाव त्या दिवशी फोनार बोला होतो मां. कर्जताक जागा आसा, थंय डॉक्टर आसत, गाडी धाडून न्हेतत. तू 'बघू' म्हटलंस."

माझा भाऊ परदेशात असतो. महिन्याभरापूर्वी त्याचा फोन आला होता, मी पोळ्या करत होते म्हणून स्पीकरवर टाकला होता. तो नेहमीच काही ना काही सुचवतो. त्या दिवशी वृद्धाश्रमाचं सुचवलं. त्याच्याशी वाद घालायला वेळ नव्हता म्हणून मी बघू म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटत होतं, आई आत झोपली आहे. महिनाभर ती माझ्याबरोबर जेवत होती, टीव्ही बघत होती, दसऱ्याला मावशीकडे न्यायचं म्हणून मागे लागली होती. एका शब्दानं बोलली नव्हती. मावशीला शेवटचं बघायला मिळेल म्हणून तर हट्ट नव्हता? ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

ती त्या खोलीतल्या सगळ्यांकडे बघत होती, पंख्याकडे, भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीकडे, दारातल्या मुलीकडे. जागा कशी आहे ते बघत असावी. मी तिच्या पायाशी खाली बसले, तिच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि म्हटलं, आई, नाही गं, नाही, मीटर बिघडलं होतं, फुलं होती काचेवर, तुला कोणीही कुठेही नेत नव्हतं. मी परत परत तेच सांगत होते. तपासनीस मुलगी दारात उभी राहून हुंदके देत होती. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला पटलं की नाही मला सांगता येत नाही. ती माझीच समजूत काढल्यासारखी म्हणाली, "रडा नको. मी रागावलंय नाय. पण दोन लुगडी तरी बांधून देवची होतीस गो."